माळेवाडीच्या सड्यावरचं पांढरं कापड

माळेवाडीच्या सड्यावर विमानं उतरतात हे लांज्यातल्या निम्म्या लोकांनाही ठाऊक नसेल. वर्षातून दोनच दिवस उतरतात, तीही खेळण्यासारखी, एका-दोघांची. भातकापणी उरकली की कोल्हापूर, पुणे, गोवा इथले हौशी वैमानिक तिथल्या गवती पट्टीवर जमतात, एकमेकांची इंजिनं उघडून बघतात, जेवतात आणि दुसऱ्या दिवशी उडून जातात. यंदा मी त्या मेळाव्याला जाऊन आलो. मी वैमानिक नाही. वय त्र्याहत्तर, राहणार कराड. चाळीसएक वर्षांपूर्वी ज्या क्लबाने ती पट्टी तयार केली, त्या क्लबाचा मी जमिनीवरचा माणूस होतो. त्या पट्टीवर एकच अपघात झाला आणि त्याचा मी एकटा साक्षीदार. साक्ष मी खोटी दिली. म्हणून प्रवासाचं सांगण्याआधी ती साक्ष सांगतो.

सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार. पावसाळ्यानंतर त्याच्यावर कमरेएवढं गवत माजतं. पट्टी आम्ही कापायचो, तरी मधे मधे उंच गवत राहायचंच. तिला कुंपण नव्हतं आणि आमच्याकडे रेडिओ नव्हता. पद्धत अशी होती की आलेल्या विमानाने आधी पट्टीवरून अगदी खालून, कमी उंचीवर, एक फेरी मारायची आणि मग घिरट्या घालत थांबायचं. तेवढ्यात जमिनीवरच्या माणसाने काठी आपटत पट्टी टोकापर्यंत चालून बघायची. गुरं नसतील तर पांढरं कापड हलवायचं. असतील तर लाल कापड जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. मग वहीत नोंद: वेळ, वैमानिक, वारा, कापड कोणतं, पट्टी चालून तपासली का, सही.

सातशे पावलं जायचं आणि सातशे यायचं, दिवसातून सात-आठ वेळा. दुसऱ्या वर्षी मला एक युक्ती सापडली. चरणाऱ्या गुरांभोवती बगळे असतात. गवतात बसलेली म्हैस दिसत नाही, पण तिच्याजवळचे बगळे लांबूनही दिसतात. बगळे नाहीत म्हणजे गुरं नाहीत. मी चालणं सोडलं. सावलीत उभा राहून बगळे बघायचो आणि कापड हलवायचो. महिनाभर ती युक्ती एकदाही चुकली नाही.

गवत कापणाऱ्या बाईभोवती बगळे नसतात.

अन्वर मुकादम दाभोळचे. घराण्यात सगळे समुद्रावर गेलेले, आकाशात जाणारे हे पहिले. त्या दुपारी त्यांनी फेरी मारली, मी बगळे शोधले, दिसले नाहीत, पांढरं हलवलं. चाकं टेकली. विमान अर्ध्या पट्टीपर्यंत आलं आणि गवतातून आधी भारा वर आला, मग त्याच्याखाली बाई. मुकादमांनी विमान डावीकडे काढलं. डावीकडे गडगा होता. आमच्या देशावर शेताला मातीचा बांध असतो, तिथे चिरे नि दगड रचून छातीएवढी भिंत घालतात, तो गडगा. मी धावत पोचलो तेव्हा मुकादम गेलेले होते आणि बाई कुठे नव्हती. वाडीतली माणसं वर चढून येईपर्यंत थोडा वेळ होता. तेवढ्यात मी मागे येऊन पेटीतून लाल कापड काढलं, पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

चौकशीला आलेल्या साहेबांना मी सांगितलं की पट्टीत गुरं होती, मी लाल दाखवलं होतं, कॅप्टनसाहेबांनी घाई केली. वहीत 'लाल' लिहून सही केली. बाईचं नाव कुठेच नाही. पुढे क्लब बंद पडला आणि वही माझ्याकडे राहिली. वर्षं जात राहिली तशी ती बाई खरंच होती का, याचीच मला शंका येऊ लागली. लाल कापड मात्र होतं असं कधीकधी अगदी खरं वाटायचं.

यंदा विनायकचा फोन आला. सडा आता त्याच्या मालकीचा आहे, लांज्यात त्याचा काजूचा कारखाना आहे. त्याला जुन्या क्लबाचा एक फोटो सापडला होता, त्यात मी हातात कापड घेऊन उभा. मेळाव्याचं पहिलं विमान तुमच्याच कापडाने उतरवायचं, तो म्हणाला. गुडघे दुखतात, बस लागते, असं मी काहीबाही सांगत होतो. मग तो म्हणाला, "मुकादमांची मुलगीपण येतेय, काका. दाभोळहून."

मी वही बॅगेत घातली.

लांजा, शुक्रवार

आंबा घाट उतरला की बोलण्याची चाल बदलते. शब्द तेच, पण वाक्याचं शेपूट वर उचललेलं. लांज्याच्या स्टँडवर चहावाल्याने मला "खंय जायाचा?" विचारलं ते मला एखाद्या गाण्याची ओळ असल्यासारखं ऐकू आलं. विनायकच्या घरी सगळीकडे काजूच्या टरफलांचा तेलकट, करपट वास होता. त्याच्या आईने घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार केलं होतं. मी लसणीची चटणी मागितल्यावर त्या विनायकला म्हणाल्या, "ह्यांना पाण्यात पण तिखट घालून दे रे." मग मला आग्रह करून चार घावणे जास्त वाढले.

सलमा मुकादम जेवणाच्या वेळेस आल्या. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या, शाळेत शिक्षिका, डोक्यावरून ओढणी, हातात स्टीलचा मोठा डबा. डब्यात सांदणं होती. आमच्या माहितीतलं सांदण फणसाचं आणि पिवळं. त्यांचं तांदळाचं आणि नारळाच्या दुधाचं, पांढरं शुभ्र, हलकं. मी तीन खाल्ली. तिसऱ्याला त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं की अब्बांना तुम्ही ओळखत होता ना.

ओळखत होतो म्हणालो. माणूस चांगला होता म्हणालो. त्या हसल्या. अपघात झाला तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. त्या सांगत होत्या आणि विनायकची आई ताटं उचलायची थांबून ऐकत होती.

"आमच्या घरात घाईला अब्बांचं नाव आहे, काका. दूध उतू गेलं, भावाने सायकल पाडली, अम्मी म्हणायची, बापावर गेलात. सलीमला बोटीवर चांगली नोकरी लागत होती, अम्मीने जाऊ दिलं नाही. म्हणाली, तुझ्यात त्याचंच रक्त आहे, तू पण सांगितलेलं ऐकणार नाहीस. तो आता चिपळूणला कापडाच्या दुकानात बसतो."

मग त्या म्हणाल्या की अपघाताची जागा त्यांना बघायची आहे आणि क्लबातल्यांपैकी ती आता फक्त मलाच ठाऊक आहे, म्हणून त्या आल्या आहेत.

वही माझ्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या पिशवीत होती. मी पाणी प्यायलो आणि झोपायला गेलो.

सडा, शनिवार सकाळ

उजाडताना जीपने वर गेलो. दऱ्यांमध्ये धुकं भरलं होतं आणि सडा त्याच्यातून वर आलेला, चारही बाजूंनी पांढरं, मधे गवत. सड्यावर चालताना खाली पोकळ असल्यासारखा आवाज येतो. तो मी विसरलो होतो, पायांना आठवला. पट्टी विनायकने मशीनने कापून घेतली होती, बाजूचं गवत तसंच उभं. पट्टीच्या सुरुवातीला दोरी लावून थोडी जागा राखलेली दिसली. दोन वर्षांपूर्वी तिथली माती काढली तेव्हा खाली कातळात कोरलेला माणूस निघाला म्हणे. पूर्ण उंचीचा, पाय बाहेर वळलेले, चेहरा नाही. कोणी कोरला, किती हजार वर्षांपूर्वी, कोणालाच नक्की सांगता येत नाही. आम्ही दोन वर्षं त्याच्या छातीवर पेट्रोलची पिंपं ठेवत होतो.

विमानं येण्याआधी गाऱ्हाणं झालं. कराडात आम्ही मशिनरीची पूजा करू, फार तर नारळ फोडू. कोकणात आधी जागेच्या राखणदाराला विचारावं लागतं. सड्याच्या कडेला एका चिऱ्यापुढे नारळ ठेवून वाडीचे गावकार तात्या उभे राहिले. ऐंशीच्या पुढचे, काठीसारखे. मागे आम्ही पंधरा-वीस जण. तात्यांनी वरच्या पट्टीत सुरुवात केली आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी होकार भरायचा.

"बारा वाड्यांच्या म्हाराजा, आज तुज्या सड्यावर ही मानसां जमली हायत."

"व्हय म्हाराजा."

"हय कोणी काय चुकला आसंल, जानून चुकला आसंल, न जानून चुकला आसंल, ता पोटात घे, नि आल्या मानसाला सुकरूप घरी धाड."

"व्हय म्हाराजा."

माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. माझ्या शेजारी सलमा उभ्या होत्या, त्यासुद्धा हळू आवाजात म्हणाल्या. नारळ फोडून झाल्यावर तात्या माझ्यासमोर खोबरं धरून थांबले आणि म्हणाले, "एक व्हय कमी आला." कोणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले नाहीत. मला वाटलं ते ओळखून बोलले. पण ते सगळ्यांपुढे तसेच थांबत होते, फक्त बाकीच्यांना काही म्हणत नव्हते.

पहिलं विमान कोल्हापूरचं. त्याचा आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. लाल-पिवळं, रिक्षाला पंख लावावेत तसं. त्याने खालून फेरी मारली आणि वर जाऊन घिरट्या घालू लागलं. विनायकने मला नवं कोरं पांढरं कापड दिलं. आता सगळ्यांकडे रेडिओ आहेत, कापडाची गरज नव्हती, पण हौस म्हणून वैमानिकाला सांगून ठेवलं होतं की काकांचं कापड दिसल्याशिवाय उतरायचं नाही. लोक मोबाईल वर धरून उभे राहिले.

मी बगळे शोधले. चाळीस वर्षांत एकदाही सड्यावर गेलो नव्हतो, तरी डोळे आपोआप बगळ्यांकडे गेले. एकही नव्हता. आणि माझा उजवा हात वर जाऊ लागला. मी नेला नाही, तो जाऊ लागला. तो मी डाव्या हाताने धरला आणि खाली आणला.

मी तंबूची एक काठी उपसली आणि पट्टीवरून चालायला लागलो.

विनायक मागून सांगत होता की काल संध्याकाळी त्याने स्वतः जीप फिरवून पट्टी बघितली आहे, उंदीर पण नाही. रेडिओवर कोल्हापूरकर विचारत होता की काका कराडला परत निघाले का. लोक हसत होते. शंभर पावलांनंतर ते आवाज पुसट झाले. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर मेल्यासारखी लटकत होती. कापलेल्या गवतावर दाट दंव पडलं होतं आणि माझ्या मागे माझ्या पावलांची काळी ओळ उमटत होती.

तीनशे पन्नास पावलांवर, पट्टीच्या बरोबर मधोमध, गवताचा भारा उभा होता.

नुसता पडलेला नव्हता, डोक्यावरून उतरवून ठेवतात तसा उभा, गवताच्याच पिळलेल्या दोरीने बांधलेला. कापलेली टोकं ओली, हिरवी. मी भाऱ्यावर हात ठेवला, तो कोरडा होता. खाली हात घातला, जमीन ओली होती. म्हणजे दंव पडून गेल्यावर कोणीतरी तो तिथे आणून ठेवला होता. मी भोवती बघितलं. दंवात पावलांची एकच ओळ होती, माझी.

मी भारा ओढायला गेलो आणि घसरून पडलो, गुडघा फुटला. विनायक जीप घेऊन आला. भारा बघून त्याचा चेहरा उतरला. तेवढ्या लहान चाकांचं विमान भाऱ्यावर आपटलं असतं तर काय झालं असतं ते त्याला सांगावं लागलं नाही. आम्ही दोघांनी तो उचलून गडग्यापाशी टेकवला. मग मी उरलेली पट्टी टोकापर्यंत चाललो, परत आलो आणि पांढरं कापड हलवलं.

विमान फुलासारखं उतरलं. कोल्हापूरकर खाली उतरून माझ्या पाया पडला आणि म्हणाला की तुमच्या चालण्यात माझं अर्ध्या तासाचं पेट्रोल गेलं, आता रस्सा तरी तांबडा पाजा. त्याला काळ्या वाटाण्याचं सांबार मिळालं. दहापर्यंत नऊ विमानं आली. माझा सत्कार झाला, पण शाल खांद्यावर घालताच मागे कोणीतरी विमानाचा पंखा सुरू केला, शाल उडाली आणि थेट वाऱ्याच्या पिशवीच्या खांबावर जाऊन बसली. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. हसताना माझं लक्ष गडग्याकडे होतं.

गडगा, शनिवार दुपार

जेवणानंतर सलमा म्हणाल्या, आता जागा दाखवा. विनायक आणि तात्याही बरोबर निघाले. मला एकट्याने त्यांच्याबरोबर जायचं होतं, पण दिवसा एवढ्या माणसांत ते कसं जमणार. गडग्यात एका ठिकाणी चिरे वेगळ्या रंगाचे आहेत, नंतर रचलेले. मी ते दाखवले. सलमांनी चपला काढल्या, ओंजळ धरून मनात काही म्हटलं, आणि मग त्यांचा हात शेजारच्या भाऱ्याकडे गेला.

विनायकने तात्यांना विचारलं की पट्टीत हा भारा कोणी आणून ठेवला, मेळाव्याच्या दिवसात वर यायचं नाही असं वाडीत सांगितलं होतं ना.

"वाडीतला कोण न्हाय," तात्या म्हणाले. "भागीचा भारा तो."

भागीरथी त्यांची चुलतभावजय. विमान पडलं त्या दुपारी ती पट्टीत गवत कापत होती. पळत घरी आली आणि दोन दिवस थरथरत पडून होती. पट्टीत बाई होती हे कळलं तर तिच्यावर खटला होईल म्हणून घरच्यांनी तिला गप्प बसवलं, आणि कोणी विचारायलाही आलं नाही. पुढे तिने सड्यावर कापलेलं गवत कधी घरी नेलं नाही. दर वर्षी भातकापणी झाली की एक भारा बांधायची आणि गडग्यापाशी ठेवून यायची.

"एवढाच म्हनायची, त्या मानसानं माज्यासाठी वाट सोडलान. मला बगलान नि वाट सोडलान." तात्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तिला जावन नऊ वरसां झाली. भारा आसतो. गडग्यापाशी आसतो. पट्टीत यंदा पयल्यांदा आला."

मला एवढंच सुचलं की ती होती. खरंच होती.

सलमा तात्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

"चौकशीच्या कागदात गुरं लिहिली आहेत," त्या म्हणाल्या. "अम्मीने तो कागद जपून ठेवला होता, मला पाठ आहे. बाई कुठेच नाही."

चाळीस वर्षं मी हे कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. त्यातलं एकही आठवलं नाही.

"लाल कापड मी नंतर पसरलं," मी म्हणालो. "अपघात झाल्यावर. तुमच्या वडिलांना मी पांढरं दाखवलं होतं. पट्टी न चालता दाखवलं होतं. त्यांनी घाई केली नाही. चूक माझी होती."

सलमांनी भाऱ्यावरचा हात काढला.

"कागदात लिहिलेले ते चार दगड तुम्ही ठेवलेत?"

"हो."

"तुम्ही पोचलात तेव्हा अब्बा जिवंत होते?"

"नाही."

"हे तरी खरं आहे?"

"खरं आहे."

त्यांनी चपला घातल्या आणि तंबूकडे चालू लागल्या. तात्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. आम्ही तिघे तिथेच बसलो. मला आजूबाजूची जमीन बघवत नव्हती, म्हणून मी भाऱ्याकडे बघत होतो. सकाळी आम्ही तो गडग्याला टेकवून ठेवला होता. आता तो टेकलेला नव्हता. सरळ उभा होता.

सडा, शनिवार संध्याकाळ

सलमा परत गेल्या असतील असं मला वाटलं होतं. उन्हं कलल्यावर त्या चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि समोर बसल्या. माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच विचारलं, त्या दिवसाची नोंद कुठे आहे. मी पिशवीतून वही काढली. पानं पिवळी पडली आहेत, पण शाई शाबूत आहे.

विमानाच्या वहीत खाडाखोड चालत नाही, खोडरबर तर नाहीच. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. शेजारी खरं लिहायचं आणि आजची सही करायची. चूक दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही, असा नियम. मी त्यांना तो सांगितला. त्या म्हणाल्या, बरा नियम आहे.

मी 'लाल'वर रेघ मारली आणि 'पांढरं' लिहिलं. 'पट्टी चालून तपासली' यापुढे 'हो' होतं, त्याच्यावर रेघ मारून 'नाही' लिहिलं.

"बाई पण लिहा," सलमा म्हणाल्या.

तिला रकाना नव्हता. मी समासात लिहिलं: पट्टीत भागीरथी, गवत कापत होती. वैमानिकाने वाट सोडली. सही.

सलमांनी पानाचा फोटो काढला नाही. त्यांनी चिपळूणला सलीमला फोन लावला आणि ते पान वाचून दाखवलं, रेघ मारलेले शब्दसुद्धा, जसंच्या तसं. पलीकडून त्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"म्हणजे अब्बांनी घाई नव्हती केली?"

"नाही. वाट सोडली."

त्यांनी फोन ठेवला. अम्मी जाऊन सहा वर्षं झाली, त्या म्हणाल्या, तिला मी आता कुठे जाऊन वाचून दाखवू. चहा गार झाला. उठताना त्या म्हणाल्या, "माफीचं मी काही बोलत नाही, काका. ते माझ्याकडे आज नाही. पण उद्या सकाळी कोल्हापूरचे साहेब मला विमानात बसवून आणणार आहेत. उतरताना कापड तुम्ही दाखवायचं. आधी चालायचं. पूर्ण."

सडा, रविवार

साडेसातला विमान उडालं. धुकं कालच्याएवढंच होतं, लाल-पिवळा ठिपका त्याच्यात शिरला आणि दिसेनासा झाला. मी काठी घेऊन निघालो. गुडघ्याला विनायकच्या आईने हळद बांधली होती. विनायकने जीपने नेऊ का विचारलं, मी नको म्हणालो. यावेळी कोणी हसलं नाही.

तीनशे पन्नास पावलांवर काही नव्हतं. दंव अखंड होतं. तिथे थांबून मी गडग्याकडे बघितलं. भारा नव्हता. विनायकने हलवला नव्हता आणि तात्यांनीही नाही, हे मी नंतर विचारून घेतलं. तो जिथे उभा होता तिथे जमिनीवर गवताचं एक पातंसुद्धा पडलेलं नव्हतं.

टोकापर्यंत गेलो, काठी आपटत, प्रत्येक पाऊल मोजत. सातशे. परत आलो. सातशे. विमान घिरट्या घालत होतं, त्यात पुढच्या जागी ओढणीचा निळा रंग दिसत होता. मी पांढरं कापड दोन्ही हातांनी वर धरलं आणि हलवलं.

विमान खाली आलं. सगळ्यांची तोंडं वर होती, मी पट्टीकडे बघत होतो. चाकं टेकली, विमान धावू लागलं, आणि अर्ध्या पट्टीपाशी, कडेला उभ्या असलेल्या गवतात एक ओळ हलली. माणूस चालत जाताना हलते तशी, सावकाश, पट्टीकडून गडग्याकडे. गडग्यापाशी पोचली आणि थांबली. विमान त्या जागेवरून सरळ पुढे निघून गेलं. मी वाऱ्याच्या पिशवीकडे बघितलं. ती तशीच लटकत होती. मी कापड खाली घेतलं नाही, विमान पूर्ण थांबून सलमा खाली उतरेपर्यंत हलवत राहिलो.

त्या चालत आल्या, गाल वाऱ्याने लाल झालेले. माझ्या पिशवीतून वही काढली आणि उघडून माझ्यापुढे धरली.

वेळ लिहिली. वैमानिकाचं नाव लिहिलं. कापड: पांढरं. पट्टी चालून तपासली: हो. वाऱ्याच्या रकान्यात शून्य लिहिलं, कारण वारा शून्य होता. गवत हललं, तेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला वहीत रकाना नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवलं आहे.